ओटीनंतर चढलेलं पाणी

घोडनदीच्या घाटाला वरून चौथ्या पायरीवर आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवतांचे, सात दगड आहेत, शेंदूर लावलेले. मोठ्या पुराचं पाणी इथवर येऊन परत फिरलं, तेव्हा मोजायची पट्टी इथंच धरा, असं मी रेल्वेच्या पाहणीच्या साहेबांना सांगितलं. माझ्या सांगण्यावरून ते कागदावर चढलं. ते चुकलेलं होतं. चूक मला दोन महिन्यांत कळली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत पुसता आली नाही.

गाव माझं नाही. मी हिंगोलीकडची. सहावीत शाळा सुटली, कारण आई आजारी पडली आणि धाकट्या दोघांना सांभाळायला घरात दुसरं कोणी नव्हतं. पण जेवढं शिकले तेवढं पक्कं शिकले. अपूर्णांक मला आजही येतात. लग्नानंतर आमच्या मालकांना रेल्वेच्या पाहणीच्या कॅम्पात काम लागलं, म्हणून एसटी बदलत बदलत आम्ही आंबेगाव तालुक्यात येऊन पडलो. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. नदीकाठच्या करंजांखाली चार तंबू, त्यातला एक आमचा. त्या दिवसांत कोणी जरा मोठ्यानं बोललं की वाटायचं, आता आपल्याला काढून टाकणार. आणि काढलं तर जाणार कुठं, मागं काही ठेवलंच नव्हतं.

कॅम्पाचं काम असं, की या भागातून रेल्वे न्यायची झाली तर ती कुठून जाईल, नदी कुठं ओलांडेल, पूल केवढा लागेल, हे मोजून ठेवायचं. साहेब तिपाईवरच्या दुर्बिणीतून बघायचे, आमचे मालक लांबवर आकड्यांची पट्टी धरून उभे राहायचे. एकदा माणूस कमी होता म्हणून साहेबांनी मला पट्टीवरचा आकडा वाचायला लावला. मी बरोबर वाचला. दुसऱ्या दिवसापासून नदीत रोवलेल्या खांबावर पाणी किती, ते दिवसातून तीनदा वहीत लिहायचं काम माझ्याकडं आलं. माझ्या अक्षरातली वही पुण्याच्या ऑफिसात जाते, हे मी आईला पत्रानं कळवलं होतं. साहेबांचे उपकार मी त्या एका वहीसाठीसुद्धा विसरणार नाही.

ते शिकवायचेही. मी चहा घेऊन गेले की नकाशा माझ्याकडं फिरवून सांगायचे. "लोकांना वाटतं पूल म्हणजे नदीवरून जायची वाट. उलटं आहे. पूल म्हणजे नदीला खालून जायला ठेवलेली वाट. ती अपुरी ठेवली की पाणी मागं तुंबतं, काठ खातं, आणि कोणाच्या तरी घरात शिरतं."

ती वाट केवढी ठेवायची हे मोठ्यात मोठ्या पुरावर ठरतं. तो पूर कुठवर आला होता याचा कागद कुठंच नव्हता. अशा वेळी रीत अशी, की गावातल्या जुन्या माणसांना वेगवेगळं विचारायचं, आणि निदान दोघांचं सांगणं जुळलं तरच ती खूण धरायची.

साहेबांनी आधी पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारलं. ज्याची काळी जमीन आखणीत जात होती तो म्हणाला, "साहेब, पानी पार माझ्या हिरीच्या वर व्हतं. हितं रेल्वे टिकायचीच न्हाई. पल्याडनं न्या."

ज्याचा खडकाळ तुकडा जात होता तो म्हणाला, "ह्याचं काय ऐकता राव. घोटाभर पानी. म्हशी बसून व्हत्या त्या पुरात."

तिसरा म्हणाला, "आदी टेसन कुठं करनार ते सांगा, मंग पानी कुठं व्हतं ते आठवतो."

साहेब कपाळाला हात लावून तंबूत आले. चार दिवस तेच चाललं होतं. मी म्हटलं, "साहेब, बायांना विचारू का?"

हे मला सुचलं, कारण धुण्याच्या जागी बायांचं बोलणं मी रोज ऐकत होते. मी 'का' ऐवजी 'काऊन' म्हणते ते ऐकून त्या हसायच्या, मला हाक मारतानाही "ए काऊन" म्हणायच्या, पण कपडे आपटायला चांगला दगड मला द्यायच्या. त्यांच्याकडून मला नदीच्या ओटीचं कळलं. पूर चढायला लागला की गावातली मानाची सवाष्ण घाटावर जाते, पाणी जिथं भेटेल त्या पायरीवर बसते आणि नदीची ओटी भरते. खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या. नदी लेकीसारखी ओटी घेते आणि माघारी फिरते. मोठ्या पुराच्या साली ती जिथं फिरली तिथंच आसरांचे दगड बसवलेत.

मी पाच जणींना वेगवेगळं विचारलं. विहिरीवर, दळणाच्या गिरणीपाशी, ओसरीवर. पाचही जणींनी चौथी पायरी सांगितली. पाचव्या होत्या मोठ्या आई. गावातल्या सगळ्यात जुन्या घरातल्या, साठीच्या. त्या साली ओटी त्यांनीच भरली होती. त्यांचे मालक अजून होते, त्यामुळं तो मान तेव्हाही त्यांच्याकडंच होता. "हिच्या हाताला नदी वळली," असं त्यांच्याबद्दल अख्खं गाव म्हणायचं. सून बाळंत व्हायची झाली, गाय अडली, की लोक त्यांचा हात लावायला बोलवायचे.

"पाच जणी, आणि सगळ्यांचं बोट एकाच पायरीवर," साहेब म्हणाले. आमच्या मालकांनी आसरांपुढं पट्टी धरली, आकडा मीच वाचला.

नकाशावर त्यानंतर रेघा भराभर पडल्या. पलीकडच्या काठावर ओहोळाच्या तोंडाशी दहा-बारा घरांची बौद्ध वस्ती होती. रेल्वेचा मातीचा भराव त्या वस्तीच्या मागून, टेकाडाच्या पायथ्यानं जायचा होता. वस्ती चौथ्या पायरीपेक्षा वर होती. म्हणजे पूर तिथवर येत नाही. म्हणजे तिथं भरावाला मोरी, पाणी जायला खालून वाट, ठेवायची गरज नाही. ओहोळ वळवून खाली नदीत सोडला की झालं. मला हे सगळं समजत होतं याचा मला किती अभिमान वाटायचा, ते आता सांगायला नको वाटतं.

त्याच अभिमानात मी एक दिवस वस्तीवरच्या आजींना समजावून सांगत होते. आमचे मालक त्यांच्या अंगणात पट्टी धरून उभे, साहेब लांब. आजी सत्तरीच्या पुढच्या, भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आन वव्हळ वळीवणार?"

"हो."

"आखाडात नदीतला मासा अंडी घालायला ह्याच वव्हळातनं वर चढतो. त्यानं कुठनं जायचं? त्याला दावला का तुमचा नकाशा?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. घरात गेल्या आणि मला आत बोलावलं. भिंतीतल्या खुंटीला हात लावून म्हणाल्या, "पानी हितं व्हतं."

मी म्हटलं, "आजी, वस्ती तर पायरीच्या वर आहे."

"असंल. दीक्षा घेऊन आमाला चार-पाच वर्सं झाली व्हती. ओटीला आमी जात नव्हतो, पर वाजाप ऐकू आलं. ओटी भरली, नदी फिरली म्हणून वाजवत बाया घरी गेल्या. दिवस मावळला. मंग पानी चढलं. ह्या खुटीला माझी धाकटी पोरगी पाळण्यात टांगलेली, ती मी भिजल्यावर उचलली. पहाटं उतरलं. गावाला झोपेत ठावं न्हाई, आन ज्यास्नी ठावं त्यांनी बोलायचं कसं? ओटी घेऊनबी नदी चढली म्हनायचं?"

त्यांच्या घराच्या कौलांकडं मी बघत राहिले. मागं टेकडी, पुढं नदी. मधे उद्या भिंतीसारखा भराव, आणि त्याला एकही भोक नाही. वस्तीतल्या लोकांना टेकडीकडं पळायची वाट त्या भरावाच्याच जागेवरून होती.

मी तेव्हा उठून साहेबांकडं जायला हवं होतं. गेले नाही. चार दिवस गेले नाही. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "गप ऱ्हा. तुझ्या खुणेवर तर आपल्याला मान आहे इथं." ते खरं होतं. आणि दुसरं त्याहून जड होतं. उन्हाळ्याच्या तोंडाला मला दिवस गेले होते आणि तिसऱ्या महिन्यात ते गेलं. तंबूत मी पडून होते तेव्हा मोठ्या आई स्वतः तूप घातलेली पेज घेऊन यायच्या. नऊ दिवस आल्या. माझे केस त्यांनी विंचरले. परक्या मुलखात माझ्या डोक्याला हात लावणारं दुसरं कोणी नव्हतं. त्यांची ओटी खोटी पडली, हे मी माझ्या तोंडानं सांगू?

पाचव्या दिवशी सांगितलं, कारण जेवण जाईना.

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वही उघडली, त्या आकड्यावर बोट ठेवलं. "दोन दिवसांनी मी अहवाल घेऊन निघतोय," ते म्हणाले. "पाच जणी एक सांगतात, एक जण दुसरं. वर कोणी हे मानणार नाही. त्या पाचांतली एक तरी हो म्हणू दे. मी नकाशा फाडतो."

मी मोठ्या आईंकडं गेले. त्या माळवदावर कुरडया उलटवत होत्या. मी हातभार लावत लावत बोलले. वस्तीचं सांगितलं, भरावाचं सांगितलं, खुंटीचं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"खुटीचं खरं हाय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी अंधारात एकटीच पाया पडायला गेले. घाटावर चिखल. ओटीतला खण लिंबाच्या बेचक्यात अडकलेला. माझ्या डोक्याच्या वर. गाडीच्या जूवर चढून काढला आन पदरात लपवला."

घाटाच्या वरच्या अंगाला कडुलिंब होता. त्याचं बेचकं चौथ्या पायरीपासून किती वर, ते मला न मोजता कळत होतं. आजींच्या खुंटीशी ते जुळत होतं.

"मोठ्या आई, एवढंच साहेबांना सांगा."

"पोरी, त्या दिवशी मला वाजत गाजत घरी आणली. तवाधरनं ह्या घरात माज्या शब्दाला किंमत हाय. त्याच्या आदी मला कुनी इचारत नव्हतं. पाच पोरीच झाल्या व्हत्या मला." त्यांनी एक मोडकी कुरडई माझ्या हातावर ठेवली. "खा. आन तू माजं नाव न घेता सांग की."

"नाव लागतं, मोठ्या आई."

त्या पुढची कुरडई उलटवायला लागल्या. तरी दुसऱ्या दिवशी साहेबांना घेऊन मी त्यांच्या ओसरीवर गेले. मला वाटलं होतं, समोर माणूस बसला की त्या खोटं बोलणार नाहीत. ओसरीवर दीर, पुतणे, थोरल्या पुतण्याची बायको म्हणजे घरातली थोरली सून, शेजारपाजार सगळे गोळा झाले. साहेबांनी अदबीनं विचारलं, "आई, ओटीनंतर पाणी चढलं होतं का?"

मोठ्या आईंनी पदर सारखा केला. "नदी वटी घेऊन फिरली, साहेब. हे समद्या गावाला ठावं हाय."

थोरली सून माझ्याकडं वळली. "आमच्या सासूबाईची पेज पेलीस, आन त्यांच्याच वटीवर बोलतीस व्हय गं?"

साहेब गेले. जाताना त्यांनी वहीत चौथ्या पायरीच्या आकड्याशेजारी पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढलं आणि मला दाखवलं. तेवढंच त्यांच्या हातात होतं. मला आणि मालकांना खांबाच्या नोंदीसाठी पावसाळाभर ठेवलं. धुण्याच्या जागी मी गेले की बोलणं थांबायचं. मी कपडे खालच्या अंगाला, गाळात धुवायला लागले.

पुलाचा पाया कुठं लागेल ते बघायला नदीच्या पात्रात बोअरचं मशीन आणलं होतं. ते आत न्यायला ठेकेदाराच्या माणसांनी घाटाच्या खालच्या अंगाला नदीतून आडवा मातीचा बांध घातला आणि पाणी जायला त्यात सिमेंटचे पाइप टाकले. पावसाच्या आधी तो काढायचा, असं साहेब बजावून गेले होते. बोअर संपलं नव्हतं. मशीनवाला मुकादम म्हणाला, "आठ दिवस थांबा की बाई. पूर आला तरी पानी चौथ्या पायरीच्या वर जात न्हाई. तुमीच तर लिवून दिलंय."

आषाढात मासे चढायला लागले. पाइप उंचावर बसवलेले, त्यातून पाणी जोरात पडत होतं. मासा उडी मारायचा, पाइपाच्या तोंडावर आपटायचा, खाली पडायचा, परत उडी मारायचा. बांधाखाली नुसती चांदी खळबळत होती. गावातली माणसं पाट्या घेऊन आली आणि हातानं मासे भरू लागली. कापले तर प्रत्येकात गाभोळी, अंड्यांची पिशवी. वस्तीवरच्या आजी काठावर बसून होत्या. कोणी तरी म्हणालं, "आजी, न्या की दोन." त्या म्हणाल्या, "पुढल्या सालाचं आज खाताय. खावा." मी साहेबांना पत्र टाकलं, की बांध अजून आहे, मासा अडलाय, पाणी मागं चढतंय. उत्तर यायच्या आत श्रावण लागला.

तळेघरकडून येणाऱ्या एसटीचा कंडक्टर सांगत होता, वर दोन दिवस पाऊस हात मोकळा सोडून पडतोय, भाताची खाचरं वाहून गेलीत. आमच्याकडं नुसती भुरभुर. वरचं पाणी खाली यायला वेळ लागतो. तिसऱ्या दिवशी सकाळी मी खांब वाचायला गेले तर आकडे भराभर बुडत होते. मी दर अर्ध्या तासाला लिहायला लागले. अकराच्या सुमाराला खांबच दिसेना. बांधाच्या खालच्या अंगाला नदी आपल्या पात्रात होती. वरच्या अंगाला ती तलावासारखी पसरली होती आणि तिचं एक बोट ओहोळातून वस्तीकडं शिरत होतं.

मी मुकादमाकडं पळाले. तो मशीन काढायला माणसं गोळा करत होता. "बांध फोडला तर मशीन जाईल," तो म्हणाला. "आन फोडायला माणसं कुठायत? समदी वटीला गेलीत."

खरंच गेली होती. घाटावर वाजंत्री आली होती. मोठ्या आई नऊवारी नेसून, हातात सूप घेऊन पायऱ्या उतरत होत्या. पाणी पाचव्या पायरीला होतं. त्या चौथ्या पायरीवर, आसरांपाशी बसल्या. मी गर्दीत शिरले. मला वाटत होतं ओरडावं, पण माझ्या शब्दाला तिथं काय वजन होतं? थोरल्या सुनेनं मला बघितलं आणि तोंड फिरवलं.

मोठ्या आईंनी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, खण आणि नारळ सोडला. वाजंत्री वाजली. बाया हात जोडून माघारी वळल्या. "चला सासूबाई," सून म्हणाली.

मोठ्या आई उठल्या नाहीत. पाणी आसरांच्या दगडांवरून त्यांच्या मांडीखाली आलं. लुगडं भिजलं.

"उठा की. पानी चढतंय."

"चढनारच हाय," त्या म्हणाल्या. मोठ्यानं नाही, पण वाजंत्रीवाल्यांनी वाजवायचं थांबवलं. "तवाबी चढलं व्हतं. मी वटी भरली, तुमी मला वाजवत नेली, आन मागनं नदी पार लिंबाच्या बेचक्यापतुर गेली. खण मी माज्या हातानं काढला. पल्याड त्यांच्या घरात पोरं बुडत व्हती."

पाणी त्यांच्या कमरेला आलं होतं.

"मला न्हाई उचलायचं. आदी पहारी घ्या आन तो बांध फोडा. मंग मी उठते."

पुतण्यांनी त्यांचं ऐकलं. मला नाही वाटत की त्यांना सगळं कळलं होतं. म्हातारी पाण्यात बसलीय आणि उठत नाही, एवढं त्यांना दिसत होतं. पंधरा-वीस माणसं खालच्या अंगाला पळाली, त्यांत आमचे मालकही. बांधाला मधोमध चर पाडायला बराच वेळ लागला. मग पाण्यानं स्वतःच ते काम हातात घेतलं. मशीन आडवं झालं आणि गेलं. काठावर उभं राहून मी पाणी उतरताना बघितलं, पायरी पायरीनं. मोठ्या आईंना दोघांनी उचलून आणलं. त्यांचे ओठ काळेनिळे पडले होते.

वस्तीतली माणसं टेकडीवर गेली होती. सगळी वाचली. तीन घरं बसली. आजींचं घर त्यात होतं; खुंटीची भिंतही.

मशीन गेलं म्हणून ठेकेदारानं खापर आमच्यावर फोडलं आणि आमचं काम गेलं. तंबू काढायच्या दिवशी थोरल्या सुनेनं मला निरोप पाठवला, सासूबाई बोलावतात. त्या तापानं फणफणल्या होत्या. मला म्हणाल्या, लिही. मी साहेबांच्या नावानं लिहिलं: पाणी ओटीनंतर चढलं, खण लिंबाच्या बेचक्यात मिळाला, हे मी डोळ्यानं बघितलं, वस्तीच्या मागं मोरी ठेवा आणि ओहोळ वळवू नका. आजींनी सांगितलेली खुंटीही मी लिहिली. मोठ्या आईंनी अंगठा दिला. पलीकडून आजी आल्या आणि त्यांनीही दिला. सून दाराशी उभी होती. तिच्याकडं बघून मोठ्या आई म्हणाल्या, "हिला पेज द्या." मी त्या घरात परत पेज पिऊन निघाले. आठ दिवसांत मोठ्या आई गेल्या.

पत्र मी रजिस्टर केलं. त्याचं पुढं काय झालं, कधीच कळलं नाही. साहेबांची बदली झाल्याचं मागाहून कोणी सांगितलं. आम्ही हिंगोलीकडं परत गेलो नाही. वस्तीची घरं पुन्हा उभी राहिली तेव्हा आजींनी आपल्या जागेत आम्हाला एक खोली बांधू दिली. ती आजही त्यांच्याच पडलेल्या घराच्या पायाच्या दगडांवर आहे. मालक जुन्नरच्या बाजारात हमालीला जायचे, मी टोमॅटोच्या तोडणीला. आजी आमच्या डोळ्यांदेखत गेल्या. दर श्रावणात मी ओहोळाच्या तोंडाशी एक काठी रोवायचे आणि पाणी लिहायचे. त्या वहीचा कोणाला उपयोग नाही. पण पाणी वाढायला लागलं की ते लिहिल्याशिवाय मला घरात बसवत नाही.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाल्यावर रेल्वेची नवी पाहणी आली. नवी माणसं, नवी यंत्रं. गाडीवर कसलीशी तबकडी. मी टोमॅटोची पाटी टाकून गेले. एक तरुण साहेब हातातला जुना कागद वाचत घाटावर उभा होता. "इथं चौथी पायरी आहे ना? हायेस्ट फ्लड लेव्हल." कागदावर प्रश्नचिन्ह नव्हतं. झेरॉक्सवर पेन्सिल उमटली नसेल, किंवा तो दुसराच कागद असेल. पत्र नव्हतंच.

मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. चांगला होता तो. "लिंब कुठं आहे?" लिंब घाटाचा रस्ता रुंद करताना गेला होता. "ती भिंत?" तीही नव्हती. "आणि दुसरं कोणी?"

दुसरं कोणी नव्हतं. खण काढताना मोठ्या आईंना कोणी बघितलं नव्हतं, आणि खुंटीला हात लावणाऱ्या आजी नव्हत्या. त्या दिवशी घाटावर असलेली माणसं होती, पण त्यांनी फक्त म्हातारीचं बोलणं ऐकलं होतं. काही जण तर म्हणायचे, गारठून बडबडली.

थोरली सून घाटावर भांडी घासत होती. इतक्या वर्षांत ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. ती उठली, हाताची राख पुसली आणि साहेबांपुढं आली.

"बेचकं हितं व्हतं," ती म्हणाली आणि रस्त्याच्या कडेला एका जागी उभी राहिली. "मी लगीन होऊन आले तवा पंचमीला झोका ह्याच बेचक्यात बांधायचो. माजा हात पुरायचा न्हाई. दीर बैलगाडीवर चढायचा, मंग दोर टाकायचा."

"किती उंच?"

तिनं रस्त्याकडेच्या ट्रॉलीवर एका पोराला उभं केलं आणि त्याला हात वर करायला लावला. साहेबांच्या माणसानं मोकळ्या हवेत पट्टी धरली. झाड नव्हतं, पाणी नव्हतं, आणि सगळे त्या पोराच्या बोटांकडं बघत होते. तरुण साहेबानं आकडा वाचला, टिपून घेतला आणि पुढं काही तरी लिहिलं. मी जवळ सरकून वाचलं. 'ऐकीव.'

माणसं यंत्रं गोळा करून चढावर गाडीकडं निघाली.

"काय लिवलं गं?" सुनेनं मला विचारलं.

"ऐकीव लिहिलंय."

"म्हंजी धरलं का न्हाई?"

मी गाडीकडं बघितलं. चौथी पायरीही तशी ऐकीवच होती आणि ती धरली होती. वर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. सुनेनं लुगड्याचा ओचा खोवला. "थांब, इचारून येते," ती म्हणाली आणि चढ चढायला लागली. साठीच्या जवळ आलेली बाई, तिच्यानं पळवत नव्हतं. मी तिच्या मागून पळाले.